देठ कोणत्या बाजूचा? स्तनलघुकरण शस्त्रक्रियेतील मतभेदांचा इतिहास

१/ १९८० च्या आसपासची दोन शस्त्रक्रियागृहे डोळ्यांसमोर आणावीत. एक अमेरिकेतील बॉस्टनचे, दुसरे फ्रान्समधील नीसचे. दोन्हीकडे एकाच तक्रारीची स्त्री आहे: स्तनांचा भार सोसवत नाही, मान आणि खांदे सतत दुखतात. शस्त्रक्रियेचे नावही दोन्हीकडे एकच. तरी बॉस्टनच्या स्त्रीच्या अंगावर जहाजाच्या नांगरासारखा व्रण राहण्याची शक्यता अधिक, आणि नीसमध्ये ती शल्यविशारद क्लोद लासूस यांच्याकडे गेली असेल तर एकच उभी रेघ. दोघींची शरीरे वेगळी होती म्हणून व्रण वेगळे झाले, असे मुळीच नाही. त्यामागे शंभर वर्षांचा वाद आहे. आजचा थ्रेड त्या वादावर.

२/ आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्तनलघुकरण म्हणजे हौसेची शस्त्रक्रिया, अशी समजूत आपल्याकडे आणि इतरत्रही आढळते. प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रिया या शस्त्रक्रियेकडे वळतात त्या मान-पाठीच्या दुखण्यामुळे, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेल्या खोल वळांमुळे, स्तनाखालच्या घडीत वारंवार उठणाऱ्या पुरळामुळे. पुढील सर्व तांत्रिक चर्चा वाचताना ही स्त्री नजरेआड होऊ देऊ नये. इतिहासात ती अनेकदा नजरेआड झाली आहे.

३/ गंमत अशी की या शस्त्रक्रियेचे जे जुने लिखित वर्णन सर्वाधिक सांगितले जाते, ते स्त्रियांचे नाही. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य, एजायनाचा पॉलस याने पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवर उपाय दिला आहे. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतील मेद काढावा आणि टाके घालावेत. स्तन फारच मोठा असून लोंबत असेल, तर दोन चंद्रकोरी छेद घेऊन मधली त्वचाही काढून टाकावी. आकार पाहून पद्धत बदलावी, हा विचार त्या पहिल्या वर्णनातच आहे.

४/ स्त्रियांच्या बाबतीत १६६९ चा एक दाखला नेहमी दिला जातो. इंग्लंडमधील प्लिमथचे वैद्य विल्यम डर्स्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका तरुणीची हकिगत कळवली. तिचे स्तन अकस्मात आणि अतोनात वाढले होते. पुढे तिचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तिच्या डाव्या स्तनाचे वजन ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो भरले. काही लेखांत ही ‘पहिली स्तनलघुकरण शस्त्रक्रिया’ म्हणून सांगितली जाते. ते योग्य नव्हे. डर्स्टन यांच्या हातून तिच्या आजाराची नोंद झाली. तिच्या वाट्याला उपचार आला नाही.

५/ उपचार येण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या: १८४६ नंतर ईथरने आणि मग क्लोरोफॉर्मने आलेली भूल, आणि १८६० च्या दशकापासूनची जंतुनाशक पद्धत. त्यानंतरच जिवाला धोका नसलेल्या व्याधीसाठी निरोगी शरीर उघडण्याचे धाडस वैद्यांना झाले.

६/ फ्रान्समध्ये बोर्दोच्या पूसाँ यांनी १८९७ मध्ये स्तनाच्या वरच्या भागातून त्वचा आणि मेदाची कोर काढली व उरलेला स्तन छातीच्या स्नायूवरील आवरणाला टाचून वर टांगला. पॅरिसचे इपोलित मॉरेस्तँ यांनी १९०७ च्या सुमारास याच्या उलट वाट धरली. स्तनाखालच्या घडीत छेद घेऊन ते तळाकडून ग्रंथीची चकती काढत, म्हणजे व्रण घडीतच लपे. याच मॉरेस्तँ यांचे चेहऱ्यावरील काम पहिल्या महायुद्धात पॅरिसला पाहून हॅरोल्ड गिलीज नावाचा तरुण डॉक्टर प्लास्टिक सर्जरीकडे वळला. गिलीज पुढे या कथेत पुन्हा भेटतील.

७/ परंतु या दोन्ही पद्धतींत एक मोठी उणीव होती. स्तन जड झाला की स्तनाग्रही खाली उतरते. केवळ आतला भाग काढला तर स्तन लहान होतो, पण स्तनाग्र खालीच राहते. म्हणजे ते वर न्यायला हवे. शंभर वर्षांचा वाद सुरू होतो तो येथून.

८/ स्तनाग्र म्हणजे कपड्यावर हवे तेथे शिवता येणारे बटण नव्हे. त्याला रक्त लागते, संवेदना हवी तर मज्जातंतू लागतात, पुढे बाळाला पाजायचे तर दुधाच्या नलिकाही लागतात. भोवतालचे मांस काढताना स्तनाग्राला शरीराशी जोडून ठेवणारा एक भाग राखावाच लागतो. त्या भागाला शल्यशास्त्रात जे नाव आहे त्याचा अर्थ ‘लहान पाय’ किंवा ‘देठ’ असा होतो. मराठीत ‘देठ’ हाच शब्द चपखल बसतो. फळाचे जसे देठावर, तसे स्तनाग्राचे.

९/ येथे पुण्याचे स्मरण अपरिहार्य आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची कथा छापून आली. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते. पुण्यातील, वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडवले. भुवयांच्या मधला त्वचेचा दुवा त्याने तोडला नाही, आणि त्या दुव्यातून रक्त मिळत राहिल्याने ती त्वचा जगली. त्या कारागिराचे नाव नोंदले गेले नाही. स्तनाच्या शस्त्रक्रिया थेट पुण्यातून निघाल्या, असा दावा करण्यात अर्थ नाही. तत्त्व मात्र तेच: देठ राखला तर मांस जगते. १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी याच रीतीने नाक घडवले आणि हे तत्त्व युरोपीय शल्यविशारदांच्या अभ्यासात आले.

१०/ आता वाद असा की देठ ठेवायचा तर कोणत्या बाजूचा?

११/ पहिले उत्तर सर्वांत टोकाचे होते: देठ ठेवूच नये. हंगेरीत जन्मलेले आणि शिकागोत काम करणारे मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये स्तनाग्र पूर्ण कापून वेगळे करण्याची, स्तन लहान करण्याची आणि मग ते त्वचारोपणासारखे नव्या जागी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अतिशय मोठ्या स्तनांसाठी ती सुरक्षित ठरली आणि निवडक रुग्णांत आजही वापरली जाते. मोबदल्यात मात्र दुधाच्या नलिका कायमच्या तुटतात आणि संवेदना बव्हंशी जाते. ज्या काळात ‘स्तन दिसतो कसा’ एवढेच विचारले जाई, त्या काळात ही किंमत फारशी मोठी वाटली नसावी.

१२/ दुसरे उत्तर व्हिएन्नातून आले. हर्मान बीझेनबेर्गर यांनी १९२८ मध्ये त्वचा आणि आतील ग्रंथी पूर्णपणे विलग करण्याची रीत मांडली. ग्रंथीचा बाहेरच्या बाजूचा भाग कापायचा, उरलेला भाग पिळून शंकूसारखा वळवायचा आणि त्यावर त्वचा पुन्हा बेताने बसवायची. कागदावर ही रचना अतिशय देखणी होती. शिल्पकाराला हवे तसे स्वातंत्र्य ती देत होती, आणि दोन-तीन दशके ती युरोप-अमेरिकेत पसरली ती यामुळेच. १९३९ मध्ये गिलीज आणि त्यांचे सहकारी आर्चिबाल्ड मॅकइन्डो यांनी स्तनांच्या अतिवृद्धीवर जो लेख लिहिला, त्यावरही या पद्धतीचीच छाया आहे.

१३/ दोष मुळातच होता. त्वचेला बरेचसे रक्त खालच्या ग्रंथीतून मिळते. दोघींना विलग केले की त्वचाही उपाशी आणि पिळलेल्या ग्रंथीवरचे स्तनाग्रही उपाशी. त्वचा काळी पडणे, कुजणे, स्तनाग्र गमावणे हे प्रसंग येत राहिले. तरीही ही पद्धत तीस वर्षे टिकली.

१४/ त्यातून विशेष म्हणजे उपाय जवळच होता. बीझेनबेर्गर यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, श्वार्त्समान यांनी जर्मन भाषेतच दाखवून दिले की स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा वरचा पापुद्रा तेवढा सोलावा आणि खालचा थर जागेवर ठेवावा. त्या थरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ते स्तनाग्राला जगवते. आजच्या जवळजवळ सर्व पद्धती या सोललेल्या थरावर उभ्या आहेत. पण हा शोध सर्वमान्य होईपर्यंत तीसेक वर्षे गेली. युद्ध आणि भाषा ही कारणे सांगता येतील. तेवढी पुरेशी वाटत नाहीत. हाताला एक रीत बसली की ती सोडवत नाही, हे कारण अधिक खरे दिसते, आणि पुढील सर्व दशकांत तेच पुन्हा पुन्हा दिसते.

१५/ १९५६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनचे रॉबर्ट वाइज यांनी वेगळ्याच बाजूने प्रश्नाला हात घातला. तोवर त्वचा किती आणि कोठे कापायची, हे बरेचसे नजरेवर चाले. वाइज यांनी ब्रेसियरच्या कापणीचा आधार घेतला. सपाट कापडातून गोलाकार कप कसा बेततात, तसाच सपाट त्वचेतून स्तन बेतावा. त्यातून कुलपाच्या भोकासारखी एक आकृती तयार झाली. ती साच्याने त्वचेवर उमटवायची, रेषेवर कापायचे, कडा जुळवायच्या.

१६/ शिंप्याचा बेत शल्यविशारदाच्या टेबलावर आला, असे याचे वर्णन करता येईल. त्यामुळे प्रथमच निकाल आगाऊ सांगता येऊ लागला. नवशिक्यालाही ही रीत शिकवता आली. किंमत होती व्रणाची: स्तनाग्राभोवती वर्तुळ, तेथून खाली उभी रेघ आणि घडीत लांब आडवी रेघ. हाच तो नांगर, किंवा उलटा ‘टी’.

१७/ येथे एक भेद स्पष्ट ठेवावा लागतो, कारण बऱ्याच जणांचा घोटाळा याच जागी होतो. त्वचा कशी कापायची हा एक प्रश्न. आत स्तनाग्राचा देठ कोणत्या बाजूने राखायचा हा दुसरा. वाइज यांनी पहिल्याचे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर पुढील वीस वर्षांत अनेकांनी दिले, आणि प्रत्येकाचे वेगळे.

१८/ स्वीडनच्या स्ट्रोमबेक यांनी १९६० मध्ये डावी-उजवीकडे दोन आडवे देठ ठेवले. त्यांचेच देशबांधव, उप्सालाचे टूर्ड स्कूग यांनी १९६३ मध्ये एका बाजूचा देठ पुरतो असे दाखवले. अमेरिकेतील पॉल मॅकिसॉक यांनी १९७२ मध्ये देठ उभे केले, एक वर आणि एक खाली, बादलीच्या कडीसारखे. ब्राझीलमध्ये ईव्हो पितांगी वरचा भाग अखंड राखून खालून मांस काढत होते. प्रत्येकाकडे यशाच्या नोंदी होत्या, छायाचित्रे होती, शिष्य होते.

१९/ मग १९७५ ते १९७७ या काळात एक विलक्षण योगायोग घडला. ब्राझीलचे लियासिर रिबेरो (१९७५), ऑस्ट्रेलियाचे रॉबिन्स (१९७७) आणि बॉस्टनचे कोर्टिस व गोल्डविन (१९७७) यांनी खालच्या देठाच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. तीन खंडांवर जवळपास एकाच वेळी तोच विचार. अर्थात मॅकिसॉक यांच्या दोन देठांपैकी वरचा वगळला की खालचा उरतोच. पाऊल लहान होते आणि वेळ आली होती.

२०/ वाइज यांचा साचा आणि खालचा देठ ही जोडी अमेरिकेत घट्ट बसली. ती सुरक्षित होती, लहान-मोठ्या सर्व स्तनांना चाले आणि प्रशिक्षणार्थ्याला थोड्या काळात शिकवता येई. २००२ साली अमेरिकी प्लास्टिक सर्जनांचे सर्वेक्षण झाले, तेव्हाही सर्वाधिक पसंती याच जोडीला होती.

२१/ टीकाही होतीच. या पद्धतीत आकार मुख्यतः त्वचेच्या पिशवीने धरून ठेवलेला असतो आणि त्वचा सैलावते. काही वर्षांनी स्तनाचा खालचा भाग घसरतो, वरचा रिकामा होतो आणि स्तनाग्र वर पाहू लागते. खालचा देठ म्हणजे जो जड भाग काढून टाकायला हवा तोच राखणे, असा विरोधकांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे.

२२/ नीसचे लासूस १९६० च्या दशकापासून वेगळ्या दिशेने काम करत होते; १९७० मध्ये त्यांनी ते मांडले. वरचा देठ, मधला-खालचा पाचरीसारखा भाग बाहेर, आणि डावी-उजवी बाजू मध्यभागी शिवून खांब उभारायचे. आकार त्वचेने नव्हे, आतल्या ग्रंथीने धरायचा. घडीतला आडवा छेद गेला, उभी रेघ राहिली. ब्रसेल्सच्या मादलेन लजूर यांनी त्याला मेद शोषून काढण्याची जोड दिली आणि १९९० च्या दशकात ही पद्धत सर्वदूर नेली.

२३/ तरीही अटलांटिकपलीकडे ती सहज रुजली नाही. कारण टेबलावरचा निकाल. साच्याच्या पद्धतीत शेवटचा टाका घातला की स्तन ‘झालेला’ दिसतो. उभ्या व्रणाच्या पद्धतीत तो खाली सुरकुतलेला आणि वर अवास्तव फुगलेला दिसतो. बसायला काही महिने लागतात. स्वतःच्या हातचे असे काम पाहून धीर धरणे सोपे नसते, आणि रुग्णाला धीर द्यायला सांगणे त्याहून कठीण. कॅनडातील बॅन्फच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये आतल्या बाजूच्या देठाची सोपी आवृत्ती मांडली, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच शिकण्याचा काळ कमी करण्याचा उल्लेख होता. अडचण शरीराइतकीच शिकवण्याची होती, हे त्यांनी नेमके ओळखले होते. लजूर आणि हॉल-फिंडले या दोघी स्त्रिया. या क्षेत्रातील पहिल्या साठ-सत्तर वर्षांत पद्धतींना लाभलेली नावे मात्र पुरुषांचीच आहेत.

२४/ मग देठाची बाजू ही केवळ सर्जनची आवड समजावी काय? नाही. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीलगतच्या मज्जातंतूच्या शाखांतून येते. दुधाचा प्रश्न त्याहून कठोर आहे. स्तनाग्राखालचा ग्रंथीचा खांब अखंड राखला तर पुढे स्तनपान जमण्याची शक्यता बरीच अधिक राहते, आणि तो तोडला तर जवळजवळ संपते, असे २०१७ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. विशी-पंचविशीच्या मुलीसाठी हा तपशील व्रणाच्या लांबीपेक्षा मोठा ठरू शकतो. तिला तो सांगितला जातो की नाही, हेही सर्जनगणिक बदलते.

२५/ मतभेद कापण्यापुरता नव्हता. किती कापले म्हणजे ‘आजार’ मानायचा, यावरही होता. १९९१ मध्ये अमेरिकेतील पॉल श्नूर यांनी प्लास्टिक सर्जनांना प्रश्नावली पाठवली. रुग्ण शारीरिक त्रासामुळे आली होती की केवळ रूपासाठी, हे सर्जननेच सांगायचे. त्यावरून शरीराचे क्षेत्रफळ आणि काढलेल्या मांसाचे वजन यांचा तक्ता तयार झाला. वजन अमुक रेषेच्या वर असेल तर वैद्यकीय गरज, फारच खाली असेल तर सौंदर्याचा हेतू.

२६/ विमा कंपन्यांनी तो तक्ता उचलला आणि नियम केला. म्हणजे डॉक्टरांच्या अंदाजांची बेरीज हजारो स्त्रियांच्या दुखण्याची मोजपट्टी ठरली. उंच स्त्रीला अधिक ग्रॅम, ठेंगणीला कमी. किती दुखते हा रकानाच नाही. याचा परिणाम टेबलावरही होणारच. परवानगी ग्रॅमवर अवलंबून असेल तर ग्रॅम भरण्याकडे कल राहतो, मग रुग्णाला तेवढा लहान स्तन हवा असो वा नसो.

२७/ २००२ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने, ज्यात कॅरोलिन केरिगन प्रमुख होत्या, स्त्रियांनाच त्यांच्या त्रासाबद्दल विचारले. शस्त्रक्रियेने दुखणे लक्षणीय कमी झाले; विशेष अंतर्वस्त्रे, व्यायाम, वजन घटवणे यांनी तसा टिकाऊ आराम मिळाला नाही. हा लाभ काढलेल्या वजनावर ठरत नाही, असेही दिसले. तक्ते तरीही अनेक ठिकाणी चालू राहिले.

२८/ एक छोटे उदाहरण, सवयीचे बळ दाखवणारे. शस्त्रक्रियेनंतर साचणारे रक्त-पाणी बाहेर येण्यासाठी नळी ठेवण्याची प्रथा होती. कोणी नेहमी ठेवी, कोणी कधीच नाही. २०१३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणाने उपलब्ध तीन चाचण्या तपासल्या. नळीने लाभ दिसला नाही. उलट नळी नसलेल्या स्त्रिया रुग्णालयातून लवकर घरी गेल्या. आजही नळी ठेवणारे आहेत. त्यांच्या गुरूंनी ठेवली होती.

२९/ सर्व देठ अवगत असण्याची सक्ती शेवटी कर्करोगाने केली. स्तनातील गाठ काढताना याच लघुकरणाच्या रीती वापरून उरलेल्या स्तनाला आकार देण्याचे काम १९९० च्या दशकात युरोपात, विशेषतः पॅरिसमध्ये, वाढले. २०१० मध्ये पॅरिसच्या शल्यविशारदांनी स्तनाच्या प्रत्येक भागासाठी स्वतंत्र आराखडा प्रसिद्ध केला. गाठ खाली असेल तर खालचा देठ ठेवता येत नाही, कारण तोच भाग काढायचा असतो. तेथे वरचा देठ घ्यावा लागतो. गाठ वर असेल तर खालचा. बॉस्टनच्या आणि नीसच्या दोन्ही रीती आता एकाच सर्जनच्या हातात असाव्या लागतात, आणि कोणती वापरायची हे गाठीची जागा ठरवते.